कारागिराचा तिसरा हात

लोखंडाची एक लहान पट्टी डाव्या हातात धरा आणि उजव्या हाताने तिच्यावर कानस चालवून पाहा. कानस म्हणजे तुमच्या उर्दूतील रेती. चार-पाच वेळा कानस फिरते न फिरते तोच पट्टी निसटते, तिरपी होते, नाहीतर बोटच खरचटते. कानस नीट चालवायची तर दोन्ही हात कानशीवरच हवेत. एका हाताने मूठ धरायची, दुसऱ्या हाताने टोक दाबायचे. मग पट्टी कोणी धरायची? त्यासाठी कारागिराला तिसरा हात लागतो. हा तिसरा हात लोखंडाचा असतो. तो थकत नाही, भाजत नाही आणि एकदा धरलेली वस्तू सांगितल्याशिवाय सोडत नाही. त्याला मराठीत शेगडा म्हणतात.

पुस्तकात शेगडा असा शब्द असला, तरी वर्कशॉपमध्ये तो फारसा ऐकू येणार नाही. तिथे उस्तादापासून शिकाऊ पोरापर्यंत सगळे 'व्हाइस' असेच म्हणतात. हिंदी-उर्दूत त्याला बाँक किंवा शिकंजा म्हणतात. 'शिकंजा' हा शब्द तर मराठीनेही उचलला आहे. एखादा माणूस कोणाच्या तावडीत सापडला, की आपण 'तो त्याच्या शिकंज्यात अडकला' असे म्हणतो. शेगड्याचे काम समजण्यास हा वाक्प्रचार पुरेसा आहे.

धाराशिव, तुळजापूर, उमरगा, परांडा अशा कोणत्याही गावात लेथ मशीनचे दुकान, वेल्डिंगचे दुकान किंवा मोटारीचे गॅरेज असेल, तर तिथल्या लाकडी बाकावर शेगडा बसवलेला असतोच. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयमध्ये, फिटरचा अभ्यासक्रम घेणारा विद्यार्थी पहिल्या काही आठवड्यांत शेगड्यासमोर उभा राहून कानस चालवायलाच शिकतो. एक लोखंडी तुकडा घासून त्याच्या बाजू अगदी काटकोनात आणायच्या, एवढेच ते काम. ऐकायला सोपे, करायला अवघड.

आता त्याची रचना पाहू. शेगड्याला दोन जबडे असतात. एक बाकाला घट्ट बसवलेला असतो, त्याला स्थिर जबडा म्हणतात. दुसरा पुढे-मागे सरकतो, तो सरकता जबडा. दोन्ही जबड्यांच्या तोंडावर कठीण पोलादाच्या पट्ट्या स्क्रूने बसवलेल्या असतात. त्यांवर बारीक खाचा पाडलेल्या असतात, म्हणजे पकडलेली वस्तू सटकत नाही. सरकत्या जबड्यातून एक जाड मळसूत्र आत जाते. मळसूत्र म्हणजे स्क्रू, उर्दूतील पेच. हे मळसूत्र स्थिर जबड्याच्या पोटात बसवलेल्या नटात फिरते. मळसूत्राच्या बाहेरच्या टोकाला आडवा दांडा असतो. दांडा फिरवला, की मळसूत्र नटात शिरते आणि सरकता जबडा ओढला जातो.

एवढ्या साध्या रचनेत ताकद कुठून येते? थोडे गणित करू. समजा, आपण दांडा मध्यापासून २५ सेंटिमीटर अंतरावर धरला. एक फेरा पूर्ण झाला म्हणजे आपला हात सुमारे १५७ सेंटिमीटर, म्हणजेच १५७० मिलिमीटर फिरला. त्याच वेळात मळसूत्राचा एकच आटा पुढे गेला. आट्यातील अंतर ६ मिलिमीटर असेल, तर जबडाही ६ मिलिमीटरच सरकला. हात चालला १५७०, जबडा चालला ६. म्हणजे आपल्या हाताचे बल कागदावर सुमारे २६० पट झाले. आपण २० किलोचा जोर लावला, तर जबड्यावर ५००० किलोंहून अधिक दाब पडायला हवा.

प्रत्यक्षात तेवढा पडत नाही. आटे एकमेकांवर घासतात आणि आपल्या कामाचा मोठा भाग त्या घर्षणातच खर्च होतो. चार हिस्से गेले आणि एक हिस्सा उरला असे धरले, तरी जबड्यावर सुमारे १००० किलो, म्हणजे एक टन दाब राहतो. माणसाच्या एका हाताला ही कमाई काही कमी नाही.

आणि घर्षणाला इथे शत्रू मानू नये. घर्षण मुळीच नसते, तर दांड्यावरचा हात काढताच मळसूत्र आपोआप उलटे फिरले असते आणि जबडा उघडला असता. मळसूत्रावर केलेल्या कामापैकी निम्म्याहून अधिक काम घर्षणात जाते, म्हणूनच ते उलटे फिरत नाही. विज्ञानाच्या पुस्तकात घर्षणाचे तोटे आणि फायदे अशी दोन सदरे असतात. फायद्यांच्या सदरात तुम्ही शेगड्याचे नाव खुशाल लिहा.

आज आपण पाहतो तो शेगडा बहुधा बिडाचा असतो. बीड म्हणजे ओतीव लोखंड. शेजारच्या बीड जिल्ह्याशी या शब्दाची गल्लत करू नका. पण बिडाच्या शेगड्याआधी लोहाराचा उंच शेगडा होता. त्याचा एक पाय थेट जमिनीपर्यंत जात असे. लोहार तापवलेले लोखंड जबड्यात धरून त्यावर हातोड्याचे घाव घालतो. ते घाव बाकाने सोसायचे म्हटले, तर बाक चार दिवसांत खिळखिळा होईल. म्हणून घावांचा जोर त्या लांब पायातून जमिनीत उतरवायची युक्ती काढली. हा शेगडा ओतलेला नसे, तर भट्टीत तापवून, ऐरणीवर ठोकून घडवलेला असे. ऐरण म्हणजे निहाई. तो सहसा तडकत नाही, कारण घडीव लोखंड चिवट असते. त्याच्यात एक उणीव मात्र आहे. त्याचा पुढचा जबडा खाली एका खिळीवर झुलतो. त्यामुळे तो जास्त उघडला, की दोन्ही जबडे समांतर न राहता वर फाकतात आणि वस्तू फक्त खालच्या कडेला पकडली जाते.

या जुन्या शेगड्यातील नट कसा बनवत, हे समजले तर नवल वाटेल. नटाच्या आतले आटे कापायला चांगले यंत्र नव्हते. तेव्हा कारागीर मळसूत्राच्या आट्यांच्या खाचेत लोखंडाची चौकोनी सळई गुंडाळत. मग ते वेटोळे नळीसारख्या पेटीत बसवून पितळेने झाळत. मळसूत्र उलटे फिरवून बाहेर काढले, की पेटीत त्याच मापाचे आटे तयार! म्हणजे प्रत्येक नट आपल्या एकाच मळसूत्रासाठी जन्माला येई. दुसऱ्या शेगड्याचे मळसूत्र त्याला चालत नसे.

या उणिवेवर ज्याने पुढे मोठे काम केले, त्याची कारकीर्द एका मोडक्या शेगड्यापासूनच सुरू झाली. त्याचे नाव हेन्री मॉडस्ले. १७७१ साली इंग्लंडमधील वुलिच येथे त्याचा जन्म झाला. बारा वर्षांचा असल्यापासून तो तिथल्या सरकारी शस्त्रागारात काम करी. पुढे तो लोहारकामात इतका तरबेज झाला, की त्याचे नाव लंडनपर्यंत पोचले. त्या वेळी लंडनमध्ये जोसेफ ब्रामा हा कुलपांचा प्रसिद्ध कारखानदार होता. त्याने नव्या प्रकारचे कुलूप शोधून काढले होते, पण ते बनवू शकणारे कुशल हात त्याला मिळत नव्हते. १७८९ मध्ये मॉडस्ले त्याच्याकडे आला. वय अवघे १८ वर्षे. त्या काळी कारागिराने सात वर्षे उमेदवारी करायची, असा रिवाज होता. मॉडस्लेने तशी उमेदवारी केलेली नव्हती. या पोराला आपल्या बरोबरीने बसवले, तर जुने कारागीर काय म्हणतील, अशी चिंता ब्रामाला पडली.

पेच मॉडस्लेनेच सोडवला. कारखान्यात एक झिजलेला शेगडा पडला होता. त्याच्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, की संध्याकाळी सहाच्या आत मी हा नव्यासारखा करून दिला, तर तुमच्या माणसांचे समाधान होईल का? ब्रामाने होकार दिला. मॉडस्लेने अंगरखा उतरवला, बाह्या सारल्या आणि काम सुरू केले. जबड्यांना नवे पोलाद जोडले, कानशीने ते घासून सारखे केले, त्यांवर खाचा पाडल्या, मग तापवून आणि थंड करून त्यांना पाणी दिले. सहा वाजायच्या आत शेगडा तयार होता. जुन्या कारागिरांनी तो पाहिला आणि पोराला आपल्यात घेतले. दाखल्याशिवाय, केवळ हाताच्या कामावर मिळालेली ही नोकरी होती.

ब्रामाकडे तो ८ वर्षे राहिला आणि तिथल्या कारागिरांचा प्रमुख झाला. १७९७ मध्ये पगारवाढ नाकारली गेली, तेव्हा त्याने नोकरी सोडून स्वतःचे वर्कशॉप काढले. तिथे त्याने अचूक आटे कापणारे लेथ मशीन सिद्ध केले. त्याच्या कारखान्यात शिकून गेलेला जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ मध्ये सगळ्या इंग्लंडसाठी आट्यांची एकच मापे सुचवली. आज उमरग्याच्या दुकानातून आणलेला बोल्ट तुळजापूरच्या नटात बिनबोभाट बसतो, त्यामागे अशा माणसांचे कष्ट आहेत.

अचूक आटे स्वस्तात बनू लागले आणि बीड ओतण्याचे कारखाने वाढले, तसे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात समांतर जबड्यांचे बिडाचे शेगडे सर्वत्र पसरले. इंग्लंडमध्ये शेफील्ड हे शहर हत्यारांसाठी नावाजलेले होते. तेथील 'रेकॉर्ड' या छापाचे निळे शेगडे जगभर गेले. यॉर्कशायरमधील शिप्ली गावच्या पार्किन्सन यांचा 'परफेक्ट' शेगडाही असाच नामांकित होता. अमेरिकेत चार्ल्स पार्कर, रीड, प्रेन्टिस अशी नावे गाजली. १९४१ मध्ये चेकोस्लोव्हाकियातून आलेल्या ह्यू वोगल यांनी शिकागोत 'विल्टन' कंपनी काढली. त्यांच्या शेगड्याचे मळसूत्र बंदुकीच्या गोळीसारख्या गोल आवरणात पूर्ण झाकलेले असते, त्यामुळे त्यात किस आणि धूळ शिरत नाही. आपल्या देशात जालंधर आणि लुधियाना ही हत्यारांच्या उद्योगाची मोठी केंद्रे आहेत.

हे परदेशी लोखंड आपल्या मुलखात कसे आले? एक मोठी वाट होती रेल्वेची. बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, येथून बार्शीपर्यंत सुरू झाली. १९११ मध्ये ती लातूरला पोचली. येडशी, ढोकी ही आपल्या जिल्ह्यातील गावे याच मार्गावर होती. रुळांमधील अंतर फक्त अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने ती आखली. एका आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही, या हिशेबाने त्याने इंजिने आणि डबे बेतले, त्यामुळे हलके, स्वस्त रूळ वापरता आले. या गाडीची दुरुस्ती कुर्डुवाडीच्या कारखान्यात होई. १९५४ मध्ये ही रेल्वे सरकारच्या ताब्यात आली आणि २००८ पर्यंत कुर्डुवाडी-लातूर मार्ग ब्रॉडगेज झाला. धाराशिव शहराला रेल्वे स्टेशन मिळाले ते याच बदलात.

वाफेच्या इंजिनाची दुरुस्ती म्हणजे आजच्यासारखे जुना भाग काढून नवा लावणे नव्हे. पितळी बेअरिंग झिजले, की नवे ओतायचे, शेगड्यात धरायचे आणि आसावर अगदी चपखल बसेपर्यंत घासत राहायचे. थोडे घासायचे, लावून पाहायचे, पुन्हा घासायचे. रेल्वेच्या कारखान्यांत फिटरच्या बाकांच्या रांगा असत आणि प्रत्येकाचा शेगडा वेगळा. जिनिंगचे कारखाने, पिठाच्या गिरण्या, विहिरीवरची ऑइल इंजिने यांच्यामुळे तसेच जड शेगडे लहान गावांतही आले. पुढे विहिरींवर विजेच्या मोटारी बसल्या. इंजिन दुरुस्तीची दुकाने कमी झाली आणि त्यांचे शेगडे कोपऱ्यात गेले.

कोपऱ्यातून पुढची पायरी भंगाराच्या दुकानाची. तिथे शेगड्याची किंमत त्याच्या वजनावर ठरते. सहा इंच जबड्याचा जड शेगडा सहज २५-३० किलो भरतो, आठ इंची त्याहून कितीतरी अधिक. भंगारवाल्याच्या दृष्टीने ते नुसते बीड असते. पोलादाचे भंगार जालन्याच्या भट्ट्यांत जाऊन त्याच्या सळया होतात, बिडाचे भंगार कोल्हापूरसारख्या ठिकाणच्या फाउंड्रीत पुन्हा ओतले जाते. भंगार वितळवणे वाईट नाही. खाणीतून नवे लोखंड काढण्यापेक्षा त्यात ऊर्जा कमी लागते. तडकलेला, फुटका शेगडा भट्टीतच जावा. पण शंभर वर्षांचा धडधाकट शेगडा, जो अजून शंभर वर्षे काम करील, तो किलोच्या भावाने वितळवायचा आणि त्याच बाकावर बाजारातून आणलेला हलका, पोकळ शेगडा बसवायचा, हा व्यवहार मला तरी तोट्याचा वाटतो.

इंग्लंड-अमेरिकेत काही लोक असे जुने, जड शेगडे आवडीने जमवतात. कोणी टपाल तिकिटे जमवतो, कोणी नाणी, तसाच हा छंद. फरक एवढाच, की हा संग्रह खिशात मावत नाही आणि माडीवर चढवता येत नाही. हे लोक शेगड्यात पाहतात तरी काय? सर्वांत आधी त्याच्यावरची अक्षरे. बिडाचा शेगडा वाळूच्या साच्यात ओततात. त्या साच्यातच कारखान्याचे नाव, गाव आणि जबड्याचे माप उमटवलेले असते. गंज आणि रंगाचे थर काढले, की ही अक्षरे वर येतात आणि लोखंडाचा तुकडा आपला पत्ता सांगू लागतो. शिवाय कारखाना गाव बदलतो. विल्टन कंपनी पुढे शिकागोहून शिलर पार्क येथे गेली. म्हणून 'शिकागो' हे नाव ओतलेला शेगडा त्याआधीचा, हे संग्राहक लगेच ओळखतात.

विल्टनच्या जुन्या शेगड्यांची आणखी एक गंमत आहे. सरकत्या भागाखाली एका पट्टीवर महिना आणि वर्ष ठोकलेले असते. नवखा माणूस ती तारीख जन्मतारीख समजतो. ती असते पाच वर्षांची हमी संपण्याची तारीख! तिच्यातून पाच वर्षे वजा केली, की शेगड्याचे खरे वय कळते.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे बीड. बिडात २ ते ४ टक्के कार्बन असतो आणि त्यातला बराचसा ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो. पेन्सिलीत असते तेच हे ग्राफाइट. या पापुद्र्यांमुळे बीड कंपने गिळून टाकते. म्हणून जड शेगड्यात धरलेल्या पट्टीवर कानस चालवली, तर ती किंचाळत नाही. पण याच पापुद्र्यांमुळे बीड ठिसूळही होते. दाबले तर ते प्रचंड भार सोसते, ताणले किंवा वाकवले तर तडकते. जुन्या कारखानदारांनी यावर सरळ उपाय केला. त्यांनी बीड भरपूर वापरले.

ओतकामाचे नाव निघाले म्हणून परांड्याची आठवण होते. विजापूरची 'मुलूख मैदान' ही अवाढव्य तोफ एके काळी परांड्याच्या किल्ल्यावर होती. १५४९ मध्ये अहमदनगर येथे मुहम्मद बिन हुसेन रूमी याने ती ओतली. तोफ पाहायला लोक लांबून येतात, ओतणाऱ्याचे नावही तिच्यावर कोरलेले आहे. पण ज्या हत्यारांनी माणसे रोज पोट भरतात, ती कोणी जपत नाही.

जपणारे अगदीच नाहीत, असे मात्र नाही. पुण्यात दिनकर गंगाधर केळकर यांनी आयुष्यभर हिंडून अडकित्ते, दिवे, कुलपे अशा घरगुती वस्तू जमवल्या. त्यांच्या दिवंगत मुलाच्या नावाने उभे असलेले 'राजा दिनकर केळकर संग्रहालय' आज जगप्रसिद्ध आहे. आपल्याच जिल्ह्यात तेर हे गाव आहे. प्राचीन काळी ते तगर या नावाने ओळखले जाई आणि तेथील माल रोमपर्यंत जात असे. तिथले रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावाच्या मातीत सापडणारी नाणी, मणी, मातीच्या मूर्ती एकेक करून गोळा केल्या. त्यांचा संग्रह आता तेरच्या शासकीय संग्रहालयात आहे. शेतात नांगराला लागलेली मूर्ती म्हणजे इतर लोकांना दगड-माती वाटे. लामतुऱ्यांनी ती वेगळ्या नजरेने पाहिली. लोखंडी हत्यारांकडे त्या नजरेने पाहणारा माणूस आपल्या भागाला अजून हवा आहे.

तसे पाहायचे तर सुरुवात कशी करावी? भंगारात किंवा एखाद्या बंद दुकानात जुना शेगडा दिसला, तर आधी हातोडीच्या दांड्याने त्याला हळूच टिचकी द्या. मडके घेताना आपण वाजवून घेतो, तसेच हे. धडधाकट लोखंड नाद देते, तडकलेले बद्द वाजते. नंतर सरकता जबडा थोडा उघडून हाताने हलवून पाहा. थोडी हालचाल चालते, डावी-उजवीकडे जास्त डुलत असेल तर तो फार झिजला आहे. दांडा फिरवा. दांडा फिरतो पण जबडा बराच वेळ जागचा हलत नाही, असे झाले तर नटाचे आटे खाल्ले गेले आहेत. ही उणीव असाध्य नाही. लेथवर गनमेटलचा नवा नट करून घेता येतो. जबड्याच्या पट्ट्याही नव्या बसवता येतात. मुख्य बिडालाच तडा असेल, तर मात्र विचार करावा. बीड वेल्डिंग करणे हे निष्णात माणसाचे काम आहे.

दांडा वाकलेला दिसला, तर समजावे की कोणीतरी त्यात पाइप घालून जोर केला आहे. दांड्याची लांबी कारखानदाराने हिशेब करूनच ठेवलेली असते. पाइप घालून ती दुप्पट केली, की दाबही दुप्पट होतो आणि एक दिवस जबडा फुटतो. शेगड्याच्या पाठीवर हातोड्याने ठोकाठोकी करणे हाही तसाच अत्याचार. घाव घालणे भागच असेल, तर तो स्थिर जबड्याच्या दिशेने घालावा, म्हणजे मळसूत्र आणि नट यांवर धक्का येत नाही.

गंज काढण्याचा एक उपाय तर आपल्या ऊस पिकवणाऱ्या भागाला साजेसा आहे. साखर कारखान्यातून निघणारी मळी एक भाग आणि पाणी नऊ भाग असे मिसळून त्यात गंजलेले भाग सुटे करून बुडवून ठेवतात. काही दिवसांत गंज सुटू लागतो. वास फार उग्र येतो, म्हणून हे काम घरापासून दूर करावे. दोन-तीन दिवसांनी भाग काढून पाहत राहावे. बीड गरजेपेक्षा जास्त दिवस त्यात राहिले, तर गंजाबरोबर तेही खाल्ले जाते. मळी मिळाली नाही, तर रॉकेल किंवा डिझेल आणि तारेचा ब्रश हा जुना मार्ग आहेच, फक्त विस्तव जवळ नको. जुना रंग कोरडा घासू नये. त्यात शिसे असण्याचा संभव असतो आणि त्याची धूळ श्वासातून पोटात गेली, तर विषबाधा होते. रंग ओला करून काढावा, नाकातोंडावर फडके बांधावे आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

साफ केलेला शेगडा आरशासारखा चकचकीत करण्याचा मोह काहींना होतो. मला ते पटत नाही. जबड्यांच्या कडेवर कानशीचे ओरखडे असतात, एका बाजूला दांड्याची मूठ गुळगुळीत झालेली असते, कोणी कारागिराने पाठीवर आपले अक्षर ठोकलेले असते. हे सारे घासून टाकले, तर उरेल ते फक्त वजन. गंज काढावा, मळसूत्राला ग्रीस लावावे, उघड्या भागावर तेलाचा हात फिरवावा, एवढे पुरे. शेगडा कोणत्या दुकानात होता, तिथे कशाची दुरुस्ती चाले, तो कोणी वापरला, हे विचारून वहीत तारखेसह लिहून ठेवावे. लोखंड टिकते, पण ही माहिती सांगणारा उस्ताद कायम राहत नाही.

आणि शक्य असेल तर त्याला पुन्हा कामाला लावावे. जाड लाकडाचा, न हलणारा बाक घ्यावा. शेगडा बाकाच्या कडेला असा बसवावा, की लांब पट्टी जबड्यात उभी धरली तर तिचे खालचे टोक बाकावर अडू नये. उंचीचा नियम सोपा आहे. शेगड्यासमोर सरळ उभे राहावे, हात कोपरात दुमडून मूठ हनुवटीखाली आणावी. कोपराचे टोक जबड्याच्या माथ्याला जेमतेम टेकले, की उंची बरोबर. तांबे किंवा अॅल्युमिनियम अशा नरम धातूची वस्तू धरायची असेल, तर जबड्यांवर पत्र्याचे दोन कोन ठेवावेत, म्हणजे तिच्यावर खाचांचे वळ उठत नाहीत. काम संपल्यावर जबडे अगदी आवळून ठेवू नयेत. थोडी फट ठेवावी आणि दांडा सरळ खाली लोंबता सोडावा, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला लागत नाही.